गच्चीवरची टाकी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाविषयी दहा मिनिटं बोल, पण समजेल असं बोल." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. उद्या कोणत्या तासाला किती वीज लागेल, त्यातली सौर किती, पवन किती, साठवलेली कधी काढायची, याचा हिशेब करणारे प्रोग्रॅम आमची टीम लिहिते. दहावीला विज्ञानात मला किती मार्क होते हे बाईंना आठवत असेल, तर त्यांनी ते कृपया इथे सांगू नये.

खरं तर हा विषय आपल्या मुलुंडकरांना पाठ आहे. महापालिकेचं पाणी दिवसातले काही तासच येतं. म्हणून प्रत्येक बिल्डिंगला खाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी आणि मध्ये पंप. येतं तेव्हा साठवायचं, लागतं तेव्हा वापरायचं. सूर्याची वीजही अशीच ठरावीक वेळी येते. दुपारी भरपूर, आणि संध्याकाळी सात वाजता आपण घरी येऊन पंखा, टीव्ही, एसी लावतो तेव्हा शून्य.

टाकीबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात. नळ किती मोठा, आणि टाकीत पाणी किती. विजेत मेगावॉट म्हणजे नळ आणि मेगावॉट-तास म्हणजे टाकी. "शंभर मेगावॉटची बॅटरी बसवली" अशी बातमी वाचलीत की लगेच विचारा, "किती तासांची?" हा एक प्रश्न लक्षात ठेवलात तरी माझं भाषण सार्थकी लागलं.

आपल्या सह्याद्रीत तर विजेसाठी खरोखरच पाण्याच्या टाक्या आहेत. खोपोलीहून मुंबईला जलविद्युत आली ती १९१५ साली. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वरती एक धरण, घाटाखाली दुसरं. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. चार युनिट घालावेत तेव्हा साधारण तीन परत मिळतात. एक युनिट वाया गेलं असं वाटेल, पण सात वाजताच्या तीन युनिटांची किंमत दुपारच्या चारांपेक्षा जास्त असते.

आता माझी चूक सांगते.

आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा कमिटीने हिशेब मला करायला दिला. दहा किलोवॉटची पॅनेल, दिवसाला सरासरी चाळीस युनिट, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल निम्म्यावर. एका काकांनी विचारलं, "बॅटरी नको का?" मी म्हटलं, "काका, मुंबईत वीज जाते कुठे? उगाच खर्च." सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनिअर बोलली ना!

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार, सकाळचे दहा वाजून गेले होते. बाबा कोविडमधून नुकतेच घरी आले होते आणि त्यांना घरी काही दिवस ऑक्सिजन द्यायचा होता. अचानक कॉन्सन्ट्रेटरचा आवाज थांबला. पंखा थांबला. मी शांतपणे म्हटलं, "बाबा, गच्चीवर सोलर आहे, लिफ्ट तरी चालू असेल, मी सिलिंडर घेऊन येते." लिफ्ट बंद होती. भर दिवसा पॅनेलवर प्रकाश पडत होता आणि आमची गच्ची एक युनिटही देत नव्हती.

बॅटरी नसलेलं सोलर असंच असतं. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. हे मला ठाऊक होतं. कागदावर ठाऊक होतं. बाबांनी मास्क बाजूला करून एकच शब्द विचारला, "सोलर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सिलिंडर आणला आपल्याच वर्गातल्या एका मित्राने. मागच्या बाकावरचा. स्कूटरवरून आणला आणि चार मजले खांद्यावरून चढवला. नाव घ्यायचं नाही असा त्याने मघाशी दम दिलाय. आमच्याकडे वीज आली ती दुपारी.

त्या दिवशी काय झालं होतं? मुंबईला लागणारी बरीचशी वीज बाहेरून, मोजक्या वाहिन्यांवरून येते. एक वाहिनी देखभालीसाठी बंद होती, बाकीच्यांत बिघाड होत गेला आणि उरलेल्यांना भार पेलेना. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर जगवायची जुनी व्यवस्था आहे, तीही त्या सकाळी टिकली नाही. लोकल थांबल्या. पुढे २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली, म्हणजे आणखी एक वाट झाली. नियोजनाचा पहिला नियमच हा आहे: कोणतीही एक गोष्ट बंद पडली तरी बाकीच्यांनी निभावून नेलं पाहिजे.

त्या दिवसानंतर मी सरासरीवर विश्वास ठेवणं सोडलं. वर्षाचे तास ८,७६०. देशाच्या वीज नियोजनात ०.२ टक्के वेळ वीज कमी पडू शकते असं धरतात, म्हणजे वर्षाला साधारण सतरा-अठरा तास. आकडा छोटा आहे. पण ते तास कोणाच्या घरी येणार, आणि तेव्हा त्या घरात काय चालू असणार, हे आकडा सांगत नाही. म्हणून आता आमचे प्रोग्रॅम चांगल्या दिवसाने सुरुवात करत नाहीत. जुलैतला आठवडाभराचा पाऊस, पॅनेलवर ढग, त्यात एक वाहिनी बंद, असा दिवस आधी घेतो. सुदैवाने पावसाळ्यात आपल्या साताऱ्याच्या पठारांवर वारा चांगला असतो. ऊन कमी तेव्हा वारा जास्त. निसर्गाने अर्धं काम करून ठेवलंय, उरलेल्या अर्ध्यासाठी टाकी लागते. आणि दुष्काळात टँकर मागवतो तशी अडीनडीला दुसरी सोयही लागते.

शेवटचा मुद्दा, आणि यासाठीच मी बोलायला हो म्हटलं. आपल्या निधीतून शाळेच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय. जरूर बसवू. पण मिळालेल्या दरपत्रकांत बॅटरी नाही, कारण हिशेबात ती "परवडत नाही". मी एकदा असाच हिशेब केला होता. सगळी शाळा बॅटरीवर चालवायची गरज नाही. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, ऑफिसातला फोन आणि खालच्या दोन वर्गांतले पंखे, हे चार तास चाललं पाहिजे, एवढंच ठरवू. २००५ च्या २६ जुलैला घरी पोचू न शकलेल्या माणसांना उपनगरांतल्या कितीतरी शाळांनी रात्री आसरा दिला होता. पुन्हा तशी रात्र आली तर आपल्या शाळेच्या जिन्यात उजेड असावा.

आणि वर्षातून एकदा मेन स्विच बंद करून बघू. चालतंय का ते तेव्हाच कळेल.

बाबा आता बरे आहेत. सोसायटीने गेल्या वर्षी बॅटरी बसवली. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि रोज संध्याकाळी फोनवर विचारतात, "किती टक्के?" मला परीक्षेत आल्यासारखं वाटतं. पण मी आता बघून उत्तर देते.