पाण्याच्या गाठीतील प्रथिने

आमच्या नात्यातल्या एक वहिनी स्तनातली गाठ लपवून चार महिने गप्प राहिल्या. त्यांच्या मनाने घेतले होते की हा कर्करोगच. अखेर धाकट्या जावेने त्यांना तालुक्याला नेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सुईने पाणी ओढून घेतले आणि गाठ तिथेच बसली. पस्तिशी ते पन्नाशीच्या बायकांत अशा पाण्याच्या गाठी पुष्कळ आढळतात.

आता हे पाणी म्हणजे काही विहिरीचे पाणी नव्हे. त्यात क्षार असतात, प्रथिने असतात. ती मोजायची कशी? द्राक्षबागाईतदारांना मोरचूद ठाऊक आहे. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवावा, त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालावे, वर मोरचुदाचे दोनचार थेंब टाकावेत, की जांभळा रंग चढतो. प्रथिने जास्त, तर रंग गडद. १९५१ साली लौरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने याला आणखी एका द्रावणाची जोड दिली, निळा रंग आणला, आणि मग थेंबभर द्रवही पुरू लागला. शेजारी माहीत प्रमाणाचे द्रावण ठेवायचे आणि रंगाशी रंग ताडायचा, एवढेच. (शिक्षकांनी जांभळ्या रंगाचा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा; कॉस्टिक मात्र मुलांच्या हाती देऊ नये.)

पण रंगावरून 'किती' ते कळते, 'कोणते' ते कळत नाही. त्यासाठी द्रव एका लगद्यावर ठेवून वीज सोडतात. लहान रेणू पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत हागेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींच्या पाण्यातली प्रथिने अशी वेगळी काढली. त्यांतले एक रक्तातलेच अल्ब्युमिन निघाले. सर्वांत लहान, सुमारे १५,००० रेणुभाराचे, ते मात्र लाळेत आणि घामातही सापडते.

गंमत अशी की हेच प्रथिन स्तनाच्या काही कर्करोगांतही असते. शरीरात दुसरीकडे आलेली गाठ मूळ स्तनातली का, हे ठरवताना तज्ज्ञ त्याचा माग काढतात. तेव्हा नुसते प्रथिन सापडले म्हणून गाठ साधी की वाईट, हे ठरत नाही. पाणी रक्ताळलेले निघाले, किंवा उपसूनही गाठ हाताला लागत राहिली, तर डॉक्टर पुढची तपासणी करतात.

वहिनींचे पाणी फिकट पिवळे होते. डॉक्टरांनी ते प्रयोगशाळेत पाठवलेसुद्धा नाही. गाठ पुरती बसल्याची खात्री केली आणि काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या म्हणाले.