आभाळाची ताटी



नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ओझोनला भोक पडलं, म्हणून ऊन इतकं तापतं." मीही बरीच वर्षं हेच म्हणत असे. मी बी.ए. झालेला कवी माणूस. विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण वाचत गेलो तेव्हा कळलं, की आपला समज चुकीचा आहे.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर त्याचा थर आहे. लहानपणी अम्मी खिडकीला वाळ्याची ताटी लावायची. वारा आत येई, झळ बाहेर राही. ओझोनची ताटीही अशीच निवड करते. ऊन येऊ देते, त्यातले घातक अतिनील किरण अडवते. ती विरळ झाली तर उकाडा वाढत नाही. कातडीचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांना इजा होते.

ही ताटी कुरतडली कुणी? आपल्या फ्रीजमधल्या सीएफसी या वायूने. त्याला ना वास, ना पेट घेण्याची भीती. १९९०च्या सुमारास आमचा फ्रीज बिघडला. मेकॅनिकने नळी कापली, उरलेला गॅस फुस्सकन सोडून दिला आणि नवा भरला. घरात कुणाला साधी शिंकही आली नाही. घात झाला तो इथेच. जमिनीजवळ कशानेच न मोडणारा हा वायू हळूहळू वर पोचतो. तिथे अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा होतो, आणि त्याचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ सालीच हा धोका सांगितला होता. १९८५ साली अंटार्क्टिकावरचं छिद्र जगापुढे आलं. तिथल्या कडाक्याच्या थंडीत तयार होणाऱ्या ढगांमुळे ही मोडतोड फार वेगाने होते. आपल्या उष्ण कटिबंधावर ओझोन फारसा घटलेला नाही. गॅस आपण सोडायचा, भोक दुसऱ्याच्या डोक्यावर!

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. दम्याच्या पंपासारखे अपवाद सोडले, तर २०१०पासून आपल्याकडे सीएफसी बंद आहे. करार पाळला गेला, तर जगाच्या बहुतेक भागावर २०४०च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास ओझोन १९८०च्या पातळीवर येईल, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ साली सांगितलं.

तरी एक गोष्ट मला टोचते. फ्रीजमधला तो वायू हवेत सुमारे १०० वर्षं टिकतो. म्हणजे आमच्या घरातून गेलेला गॅस मी गेल्यावरही वर असेल.

आता एसीत आलेले एचएफसी वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता धरून ठेवतात. त्यातले काही तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त. तेही कमी करायचं २०१६ साली किगाली इथे ठरलं. भारताने २०२१ साली त्याला मान्यता दिली. आपला पाण्यावरचा कूलर या भानगडीत नाही. पण एसी दुरुस्तीला मेकॅनिक आला, तर त्याला एवढंच म्हणा, "भाऊ, जुना गॅस हवेत सोडू नका, सिलिंडरमध्ये काढून घ्या." १९९० साली हे मला सुचलं नव्हतं.