मालक कोण?



स्वागताध्यक्षांनी मला ‘ज्येष्ठ कथाकार’ म्हटलं. माझे दोन कथासंग्रह निघाले आणि दोन्हींच्या बहुतेक प्रती शेवटी मीच विकत घेतल्या. पोट भरलं ते स्टेनोगिरीवर. ठाणे जिल्ह्यातल्या कोर्टांत एकतीस वर्षं साक्षीदार बोलत गेला, साहेब मजकूर सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. लिहिलेल्या गोष्टी मोजायच्या झाल्या तर हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर माझ्यामागे पडतील. फरक इतकाच, की माझ्या गोष्टींखाली सही साहेबांची असायची.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘ग्रामीण साहित्यातील निसर्ग’. तानसा नदी जवळ, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं जवळ, तेव्हा विषय सोयीचा. मी तो परत केला. ज्याला निसर्ग ऐकायचा आहे त्याने अंबाडी नाक्यावर अर्धा तास उभं राहावं. एक रस्ता वाड्याला जातो, एक वज्रेश्वरीवरून वसईकडे, एक भिवंडीला. तिन्ही रस्त्यांवरून येतो तो विटांचा ट्रक, मालाचा कंटेनर आणि खड्ड्यांतली धूळ. त्या ट्रकमधल्या विटा कोणी पाडल्या आणि कंटेनरमधली खोकी कोणी उचलली, हा माझा विषय आहे. तो कुणाला बोचणार असेल तर माझ्या पाठीमागच्या फलकावर देणगीदारांची नावं आहेतच. त्यांनी आत्ताच उठून जावं, मी थांबतो.

कोणी उठलं नाही. ठीक.

तुमच्या ग्रंथालयात सकाळी जाऊन आलो. जॉन ग्रिशॅमच्या मराठी अनुवादांची पानं हाताळून मऊ झालीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही तो रात्र जागून वाचला आहे. त्याची 2008 ची ‘द अपील’ घ्या. मिसिसिपीतल्या एका गावाचं पाणी रसायनांच्या कंपनीने नासवलेलं आहे, माणसं कॅन्सरने मेलीत, ज्युरीने कंपनीविरुद्ध कौल दिला आहे. मग कंपनीचा धनी थेट वरच्या कोर्टातला न्यायाधीशच निवडून आणायला निघतो. वाचताना आपण म्हणतो, वा, काय कंपनी, काय कारस्थान! आणि पुस्तक मिटून याच नाक्यावर रिक्षा पकडतो. मिसिसिपीच्या पाण्यासाठी आपलं काळीज तुटतं, वीटभट्टीवरच्या हिशेबाच्या वहीसाठी ते जागचं हलत नाही. माझं भांडण आहे ते या काळजाशी.

पण ग्रिशॅमची नक्कल करून आपलं भागणार नाही, हेही सांगतो. त्याला मालक शोधावा लागत नाही. त्या कादंबरीत तो सुरुवातीलाच भेटतो, न्यूयॉर्कच्या घरात, नावागावासकट. आपल्या कोर्टात अर्धं आयुष्य जातं ते मालक कोण, हे ठरवण्यात. आपली रहस्यकथा अर्नाळकरांच्या झुंजारपासून सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासपर्यंत एकच प्रश्न विचारत आली: खुनी कोण? मजा होती त्यात. पण खून करणाऱ्याच्या हातात सुरी असते. कंपनीच्या हातात कंत्राट असतं, कंत्राटाखाली पोटकंत्राट, त्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या हातात एक वही. या उतरंडीत वरपर्यंत चढायचं आणि तिथे बसलेल्याला ‘होय, हा माझा कामगार’ असं म्हणायला लावायचं, ही खरी उत्कंठा. ती मराठीत कोणी लिहायची?

विजय तेंडुलकरांना हे कळलं होतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये रंगमंचावर आलं. आपल्याला त्यातली बेणारे आठवते. पण नाटकातल्या हौशी नाटक-मंडळींनी मुळात कोणता खटला बसवला होता, ते किती जणांना आठवतं? आरोपी होते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आणि आरोप अण्वस्त्रांचा. तो खटला राहिला बाजूला आणि गंमत म्हणून पिंजऱ्यात उभी केली बेणारे, एक शाळामास्तरीण. मोठा आरोपी सुटतो आणि हाताशी असेल ते माणूस पिंजऱ्यात येतं. हा नाटकाचा पाया आहे आणि आपण तो ‘तालमीची सोय’ म्हणून विसरलो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा ‘कोर्ट’ सिनेमा बघा. सुवर्णकमळ मिळालं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. गटारात उतरून एक सफाई कामगार मेला आहे आणि खटला चालतो एका म्हाताऱ्या शाहिरावर, कारण म्हणे त्याच्या गाण्याने त्या माणसाला मरायला लावलं. मृताची बायको साक्षीला येते. नवरा गटारात आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजून उतरायचा, हे ती सांगते. त्याला साधनं न देता खाली कोणी पाठवलं, तो माणूस आरोपी म्हणून सबंध सिनेमाभर येत नाही. मी थिएटरात बसलो होतो आणि माझी बोटं मांडीवर टाइप करत होती.

आता आपल्या मातीकडे येऊ. भट्टीचा हिशेब इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तरी उरलेल्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात हात रिकामे असताना कातकरी कुटुंब उचल घेतं. दिवाळी झाली की पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट भट्टीवर जातं. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-मिरचीपुरती. विटेचा दर हजारावर. मोजणी मुकादमाची, वही शेठची, अवकाळीत भिजून गेलेल्या कच्च्या विटा कुटुंबाच्या नावावर. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि बाकी निघते ती कामगाराकडेच. ती फेडायला पुढच्या साली तीच भट्टी.

याला काय म्हणायचं, हे कायद्याने कधीच सांगून ठेवलं आहे. घटनेचं कलम 23 इंग्रजीत वाचा, त्यात ‘बेगार’ हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवावा लागला. 1976 मध्ये वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा आला. त्याचं कलम 15 म्हणजे तयार कथानक आहे हो! वेठबिगार म्हणाला की हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे शेठने सिद्ध करायचं. फौजदारी कोर्टात आम्ही जन्मभर ऐकलं की शाबितीचं ओझं फिर्यादीवर. इथे ते उलटं केलेलं. आणि 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम म्हणजे वेठच. फरिदाबादच्या दगडखाणींबद्दल आलेलं एक पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून चालवलं आणि पुढच्याच वर्षी त्यावर निकाल दिला. पत्रावरून खटला उभा राहतो! रहस्यकथेच्या लेखकाला आणखी काय हवं?

ही गोष्ट इथे घडली नाही, असंही म्हणायला जागा नाही. पलीकडे उसगावला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 पासून श्रमजीवी संघटना बांधली, हाच कायदा पुढे करून वेठबिगार सोडवले. त्यांच्या राजकारणाशी तुमचं पटो न पटो. 1999 मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने पंडितांना पुरस्कार दिला. लंडनला गोष्ट कळली. सदाशिव पेठेला अजून कळायची आहे. आणि त्याच्याही आधी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबतात, त्या ‘लग्नगडी’ची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिणाऱ्या गोदावरी परुळेकर कोण होत्या? कायद्याच्या पदवीधर. काळा डगला घालून सुखाने राहिल्या असत्या. त्या वारली पाड्यांवर गेल्या, आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्या पुस्तकाला मिळाला ते तिथून आलं. आपल्या वकील-लेखकांनी त्यांच्याकडून डगला घेतला, वाट घेतली नाही.

मध्येच एक धंद्यातली गोष्ट सांगतो. उलटतपासात वकील विचारतो, “पैसे घेतलेस, काम केलं नाहीस, आता शेठला अडकवायला खोटं बोलतोस ना?” पाड्यावरचा माणूस म्हणतो, “नाय वो.” कागदावर मी टाइप करतो: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ प्रश्न गेला, वकिलाचा आवाज गेला, त्याचं ‘वो’ गेलं. राहिलं एक सरकारी वाक्य आणि खाली डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. या वाक्यातून तो गाळलेला प्रश्न परत काढणं, हे लेखकाचं काम. माझे एक प्रकाशक मला म्हणाले होते, “कोर्टाचं लिखाण कोरडं असतं, त्यात एखादी प्रेमकथा घाला.” मी हस्तलिखित उचलून आणलं. ते अजून कोरडंच आहे.

मुंबईत एक रहस्यकथा पार शेवटापर्यंत गेली, ती पोलादी छातीच्या कोणा बॅरिस्टरामुळे नाही. महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार. त्यांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा केला. वाद एकच: यांचा मालक कोण, कंत्राटदार की महापालिका? संघाचं म्हणणं असं, की कायदा अंगाशी येऊ नये म्हणून शब्दच बदलले गेले: कंत्राटदाराला म्हणायचं संस्था, कामगाराला स्वयंसेवक, पगाराला मानधन. बघा, कादंबरीकारापेक्षा भाषेची जाण कोणाला जास्त आहे ते! 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने 2,700 कामगारांना कायम करा म्हणून सांगितलं, डिसेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. तीन कोर्टं चढून एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि त्या सगळ्या वर्षांत रोज पहाटे कचरा उचलायचा होताच. ग्रिशॅमचा नायक तारखेला कोर्टात जातो तेव्हा त्याची मजुरी बुडत नाही.

आणि वेलदूर. गुहागर तालुक्यातलं कोळ्यांचं गाव. शेजारी एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी. 1993 च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला, 1995 मध्ये सरकार बदललं आणि करार मोडला, पुढच्या वर्षी पुन्हा जुळला. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरमध्ये घुसले आणि बायकांना घराबाहेर ओढून मारलं, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या जानेवारी 1999 च्या अहवालात आहे. त्याच अहवालात हेही आहे, की प्रकल्पावर नेमलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. म्हणजे इथे प्रश्न पुढे सरकतो: पोलिसांचा मालक कोण? 2 डिसेंबर 2001 ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा अमेरिकेला कळलं की हिशेबच खोटे होते. तिकडे सिनेमे झाले, 2009 मध्ये ब्रिटिश नाटककार लूसी प्रेबलचं नाटक रंगमंचावर आलं. बुडाले ते शेअरवाले, त्यांची शोकांतिका झाली. वेलदूरच्या पहाटेवर मराठीतली कोर्टकादंबरी माझ्या कपाटात तरी नाही. वीजबिल मात्र आपण भरलं.

काही जण मनात म्हणत असतील, हे सगळं पत्रकारितेचं, यात साहित्य कुठे? मी विचारतो, तुमच्या ग्रामीण कथेतला पाटील अजून घोड्यावरून का येतो? तो कधीच उतरला. जमीन विकून त्याने गोदाम बांधलं, ते कंपनीला भाड्याने दिलं, कंपनीने काम एजन्सीला दिलं आणि एजन्सीने ते पोराला दिलं, ज्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर या तिघांपैकी कोणाचंच नाव नाही. त्या पोराच्या हातावर खोकं पडलं तर भरपाई कोणाकडे मागायची? तुमचा घोडा या प्रश्नाजवळून जातसुद्धा नाही.

तरुणांना एवढंच सांगतो. कोर्ट उघडं असतं, आत बसायला तिकीट लागत नाही. उद्या सोमवार. भिवंडीची एसटी पकडा आणि मागच्या बाकावर बसा. रोजनामा कसा लिहितात ते बघा, तारीख मिळाल्यावर माणूस जिना कसा उतरतो ते बघा.

माझ्या नोकरीतला एक दिवस सांगतो आणि बसतो. अपघाताच्या भरपाईचं प्रकरण. अर्जदाराची तीन बोटं गेलेली. कंपनीला काढलेलं समन्स बेलिफाने परत आणलं, मागे शेरा: ‘सदर पत्त्यावर या नावाची कंपनी नाही, तेथे गोदामाला कुलूप आहे.’ भोपाळच्या कोर्टाने 1992 मध्ये गॅसकांडातल्या कंपनीच्या प्रमुखाला, वॉरन अँडरसनला, फरारी ठरवलं आणि तो 2014 मध्ये अमेरिकेत, स्वतःच्या देशात वारला, तेव्हा आमची ती कंपनी त्या मानाने फारच किरकोळ. तरी पद्धत ती पद्धत. पट्टेवाल्याने बाहेर जाऊन तीन वेळा पुकारा केला. व्हरांड्यात गर्दी होती, पुकारा ऐकून सगळे गप्प झाले. अर्जदारसुद्धा वळून दाराकडे बघायला लागला. त्याला खरंच वाटलं, की आता कोणीतरी आत येईल आणि त्याला मालक कसा दिसतो ते कळेल. मी टाइप केलं: ‘पुकारले. सामनेवाले गैरहजर.’ तो अजून दाराकडेच बघत होता.