सदाफुली : अंगणातून रुग्णालयापर्यंत



नागपूरच्या रणरणत्या उन्हातही कुंपणाशी बारा महिने फुलणारी सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. मूळची ती मादागास्कर बेटावरील. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिची पाने जमैकातून कॅनडात तपासणीसाठी पोहोचली. प्रयोगातील उंदरांची साखर उतरली नाही. परंतु त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. हाच धागा धरून डॉ. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे याच वनस्पतीतून व्हिनक्रिस्टिन मिळाले. त्यास अमेरिकेत १९६३ साली मान्यता लाभली.

पेशी विभागताना सूक्ष्म तंतू गुणसूत्रांना दोन बाजूंस ओढून नेतात. व्हिनक्रिस्टिन हे तंतू तयारच होऊ देत नाही. विभाजन अडते आणि पेशी मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात अन्य औषधांच्या जोडीने ते दिले जाते. मज्जातंतूंनाही त्याची झळ पोहोचते. म्हणून हातापायांस मुंग्या येणे, बद्धकोष्ठता असे त्रास संभवतात.

येथे एक भ्रम दूर होणे अगत्याचे आहे. सदाफुलीची पाने चघळल्याने कर्करोग बरा होत नाही. पानांत हे द्रव्य अत्यल्प असते. सोबत इतर विषारी द्रव्येही असतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम शुद्ध औषध हाती येते. ते तोंडाने नव्हे, केवळ शिरेतूनच द्यावे लागते. पाठीच्या कण्यातील द्रवात चुकून गेल्यास ते प्राणघातक ठरते. एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. एवढी सूक्ष्म मोजणी घरच्या काढ्यात कशी व्हावी?

दुसरा धोका अधूऱ्या उपचारांचा. पहिल्या महिन्यातच ताप उतरतो, मूल हसू-खेळू लागते आणि पालकांना वाटते, आजार गेला. वस्तुतः हे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. मध्येच सोडल्यास रोग उलटतो. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट येथे विदर्भातील दूरदूरच्या गावांतून कुटुंबे येतात. वारंवारचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि राहण्याची अडचण यांपायी उपचार खंडित होऊ शकतात. औषध डॉक्टर देतील. मात्र शेवटच्या मात्रेपर्यंत त्या मुलाला पोहोचविण्यासाठी निवारा, भोजन व प्रवासखर्च यांची तजवीज समाजच करू शकतो.