बोटावरचा आकडा आणि बंद खोली
(वार्षिक सभेतील मनोगत)



निघोजे व चाकण परिसरात अनेक कामगार भाड्याच्या लहान खोल्यांत एकत्र राहतात. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवली जाते. कुठे बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालतो. अपुऱ्या हवेत कोळसा वा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास घाटकोपर येथे एक दाम्पत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय व्यक्त झाला होता.

हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ग्लानी ही लक्षणे पित्ताची वाटतात. कोरोनाच्या साथीत ऑक्सिमीटर घरोघरी आला. परंतु त्या साध्या यंत्राला या वायूने व्यापलेले रक्त आणि प्राणवायूयुक्त रक्त यांतील भेद कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि शरीर मात्र प्राणवायूला पारखे झालेले असते. खात्रीसाठी रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजावे लागते.

त्याआधी उपयोगी पडतात ते दोन प्रश्न : घरात आणखी कोणाला असाच त्रास होतो आहे काय? खोलीबाहेर आल्यावर बरे वाटते काय?

संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, घट्ट मास्कने शुद्ध प्राणवायू सुरू करावा लागतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. बेशुद्ध रुग्ण व गर्भवती यांच्यासाठी उच्चदाब कक्षाचा विचार होतो; तो मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असतो. बरे वाटल्यावरही काही आठवड्यांनी विस्मरण वा स्वभावबदल संभवतो, म्हणून फेरतपासणी टाळू नये.

आम्ही जमाखर्च पाहणारी माणसे. महागड्या यंत्रांच्या यादीत प्राणवायूचे सिलिंडर नजरेआड होते. या रुग्णाचा जीव मात्र त्यावरच तगतो. देणगीदारांनी ते भरलेले राहील, एवढे पाहावे.

कुटुंबीयांना विनंती : रुग्णाला प्रथम मोकळ्या हवेत आणा, १०८ ला कळवा आणि शेगडी वा गिझर चालू होता, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. दोष दुरुस्त होईपर्यंत त्याच खोलीत परत जाऊ नका.