तेरची खापरे आणि रोमची झिलई



विषय पुराणवस्तूंचा आणि वक्ता युनियनचा, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. नांदेडला गिरणीत बदली कामगार होतो. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पण खापर ही कामगाराच्या हातची वस्तू आहे, म्हणून तिच्यावर बोलण्याचा थोडा हक्क मला पोचतो.

आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखविले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात, तगराहून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, असे लिहिले आहे. तिकडून इटलीची दारू येई. ती ज्या उंच, दोन कानांच्या रांजणांतून येई, त्यांची खापरे नेवाशाच्या उत्खननात निघाली. तेरला चापेकरांनी १९५८ च्या सुमारास खणले. तेथे केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या मूर्ती मिळतात. साच्याची ही रीत रोमकडून आली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

आता प्रश्न असा, की रोमच्या प्रांतांत अखंड भांडी मिळतात आणि आपल्याकडे तुकडेच का? तिकडे मृताबरोबर थडग्यात सुरई, पेला, दिवा ठेवीत. त्यांत हिरवी-पिवळी काचेसारखी झिलई दिलेली भांडीही असत. थडग्याने ती जपली. आपल्याकडे विदर्भात जुनापाणी, माहुरझरी येथल्या शिळावर्तुळांत अशीच काळी-तांबडी भांडी पुरलेली सापडली. पण ती तेरच्या भरभराटीपूर्वीची. तगराची भांडी मात्र घरात वापरली गेली, फुटली आणि पांढरीत मिसळली.

त्या झिलईविषयी एक गोष्ट सांगतो. आपले कुंभार तांबड्या मातीचा पातळ लेप देऊन, घोटून चकाकी आणीत. रोमची झिलई शिशाची होती. मुरदाडशिंग वाळूत मिसळले, की वाळू थोड्या आचेवर वितळून काच होते. पण तीच पूड कारागिराच्या श्वासात आणि भाकरीत जाते. पोटात कळा येतात, मनगट लुळे पडते. शिशाचे विष इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक निकांडर याने वर्णिले होते. तरी इंग्लंडच्या कुंभारकारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही बाया-मुले त्याने आजारी पडत होती. म्हणजे माहिती होती, बंदोबस्त नव्हता! गिरणीत कापसाची धूळ छातीत भरून खोकणारे सोबती मी पाहिले आहेत. म्हणून थडग्यातली ती सुंदर सुरई पाहताना, ती बुडवणारा हात मला आधी दिसतो.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. तगराच्या हजारो कुंभारांची, विणकरांची नावे मात्र उरली नाहीत. त्यांची सही म्हणजे ही खापरे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती जन्मभर वेचली, म्हणून तेरला आज संग्रहालय उभे आहे. माझी विनंती एवढीच: भिंतीसाठी पांढरी खणताना खापर लागले, तर फेकू नका, विकू नका, जागेची नोंद करून तेथे नेऊन द्या. आणि संग्रहालयात गेलात, तर वस्तू कोणत्या राजाच्या काळची, हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: ही घडविली कोणी, आणि त्याला काय मिळाले?