जुन्या जिपेचा धुरा आणि आमच्या हातची दुरुस्ती

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात दरवर्षी संतांवर, इतिहासावर, आरोग्यावर भाषणे होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभे केले आणि विषय विचारला. आम्ही म्हणालो, आम्हाला बोलता येईल असा एकच विषय आहे, जिपेचा मागचा धुरा. सगळे हसले. पण पांढुर्णा-सौंसर भागात आजही कितीतरी अंगणांत जुनी जीप उभी आहे आणि तिच्यात आपलीच माणसे बसतात. म्हणून ऐकून घ्या.

आम्ही म्हणजे तिघे. एक शाळेत शिकवतो, एकाची संत्र्याची बाग आहे, आणि तिसरा, जो आज बोलतो आहे, तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागला. तिघांत मिळून एक जीप आहे, महिंद्राची, सीजे थ्री-बी जातीची. ही जात अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ मध्ये काढली. तिकडे ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे महिंद्राने पुढेही बरीच वर्षे बनवली. पावसाळ्यात काळ्या मातीतून बागेपर्यंत जायचे तर अजूनही तिच्यासारखी दुसरी गाडी नाही.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी खळ्यात बैलांची पात पाहिली आहे. मेढीजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल पुष्कळ चालतो, आणि फेरी दोघांची एकाच वेळी पूर्ण होते. वळणावर गाडीच्या चाकांचे तसेच असते. आतल्या चाकाला कमी अंतर, बाहेरच्याला जास्त. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, त्यामुळे तिला अडचण नाही. पण जिपेत इंजिनाने दोन्ही चाके ओढायची आहेत आणि तरी त्यांना वेगवेगळे फिरू द्यायचे आहे. हे काम मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोळ्यातले दात करतात. पुढून येणारा लहान गिअर म्हणजे पिनियन, त्याला ८ दात. तो फिरवतो तो मोठा क्राऊन, त्याला ४३ दात. म्हणजे पिनियनच्या पाच फेऱ्यांहून थोड्या जास्त फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. ओढ त्यामुळेच येते.

या रचनेत एक खोड आहे. एका चाकाला अडवणूक नसेल, तर सगळे फिरणे त्या मोकळ्या चाकाकडे जाते आणि दुसरे चाक नुसते उभे राहते. चिखलात आपण हे रोज पाहतो. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आमच्या जिपेच्या मागच्या उजव्या चाकातून तेल गळायचे. गिअरचे तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर येई आणि ब्रेक एकीकडे ओढे. आम्ही ठरवले, एवढ्यासाठी गाडी कुठे न्यायची? नट खोलला, पुलरने ड्रम काढला, एक्सल ओढला, ऑइल सील बदलले. महिन्याभरात पुन्हा गळती. पुन्हा सील. असे तीनदा केले. नागपूरहून सील आणायचे, रविवार घालवायचा, हात काळे करायचे आणि अभिमानाने चहा प्यायचा.

तिसऱ्या खेपेला नट कसला. त्या नटाला खाचा असतात, एक्सलच्या टोकाला भोक असते. खाच आणि भोक समोरासमोर आले की त्यातून पिन घालायची, म्हणजे नट फिरत नाही. आमची खाच भोकाच्या थोडी पुढे गेली होती. पुढची खाच आणायला आणखी जोर हवा होता. अंधार पडत होता. आम्ही नट थोडा मागे फिरवला, पिन बसली, टोके वाकवली आणि हात धुतले. पाना कोणाच्या हातात होता ते विचारू नका. पाना एकाच्या हातात होता, पाहणारे तिघे होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी बागेत रोडग्यांचा स्वयंपाक ठेवला होता. परत येताना जिपेत नऊ जण होते. त्यात चार मुले, आणि मागच्या बाकावर आमच्या संत्रेवाल्या मित्राची आई. नाल्याच्या उतारावर मागून कडकन आवाज आला, मागचा कोपरा खाली बसला आणि आमचेच चाक आम्हाला ओलांडून पुढे नाल्याकडे पळत गेले. ब्रेक दाबला तर पाय थेट पाट्याला टेकला. हँडब्रेक ओढला, तोही धरेना. गाडी कोपरा घासत तिरपी उतरली आणि शेजारच्या शेताच्या धुऱ्याला जाऊन थांबली. गाडीच्या धुऱ्याने दगा दिला आणि शेताच्या धुऱ्याने वाचवले, असे आम्ही आता हसून म्हणतो. त्या दिवशी कोणी हसले नाही. मुलांना खरचटले. आईचे मनगट मोडले.

दवाखान्यात प्लास्टर चढत असताना आईने एकच प्रश्न विचारला, "तुमीच दुरुस्त केली होती ना रे गाडी?"

आम्ही म्हणालो, "जुनं लोखंड आहे आई, कधीतरी तुटतंच." भेटायला आलेल्या सगळ्यांना आम्ही हेच सांगितले. या मांडवात बसलेल्या कित्येकांनाही.

तुटलेला तुकडा घेऊन आम्ही सौंसरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणत. आज ते हयात नाहीत. चाचांनी तुकडा उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट होता, थोडाच भाग नव्या रुपयासारखा चमकत होता. ते म्हणाले, काळा भाग म्हणजे जुना तडा, तो हळूहळू वाढत आला. चमकतो तेवढ्याच लोखंडावर तुम्ही नऊ माणसे आणली. मग हबच्या आतली तांबूस भुकटी बोटावर घेतली आणि विचारले, "नट मागं घेतला होता का, बावा?"

आम्ही गप्प बसलो.

चाचांनी सांगितले ते असे. या जिपेच्या एक्सलचे टोक निमुळते असते आणि हब त्यावर पाचरीसारखा घट्ट बसतो. खरी पकड या घट्टपणाची असते, मधली छोटी चावी फक्त सोबतीला. नट सैल राहिला की हब हलतो, सगळा भार चावीवर येतो आणि चावीच्या खाचेपासून तडा सुरू होतो. म्हणून पिनेचे भोक जुळत नसेल तर नट पुढेच घ्यायचा, मागे कधीच नाही. "पिन नटाच्या मागं जाते, नट पिनेच्या मागं नाही."

ब्रेक का गेला तेही तेव्हा समजले. ट्रकचा एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहते, कारण तिथे चाकाचा भार वेगळ्या नळीवर असतो. आमच्या जिपेत चाक एक्सललाच जोडलेले आहे. टोक तुटले की चाक आणि ड्रम दोन्ही निघून जातात, ब्रेकच्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल सांडते. जुन्या जिपेला ब्रेकची एकच लाइन असते, त्यामुळे चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक चाकावर नसून गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. शाफ्ट थांबला तरी तुटलेली बाजू मोकळी फिरते, म्हणून दुसरे चाकही मोकळे होते. तीच मघाची खोड. पुढच्या चाकांचा लिव्हर लावला असता तर हँडब्रेकने पुढचा धुरा धरला असता. हे त्या क्षणी आम्हाला सुचले नाही. आता नाल्याच्या उताराआधीच आम्ही तो लिव्हर लावतो.

आणि गळतीचे कारण? धुऱ्याच्या नळीवर एक लहानशी श्वासनळी असते, ब्रीदर. ती चिखलाने बुजली होती. गाडी चालली की तेल तापते, आत हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. तीनदा सील बदलले आणि ब्रीदरकडे एकदाही पाहिले नाही. दोन मिनिटांचे काम होते.

चाचांनी आम्हाला हाकलले नाही. पुढचे चार रविवार त्यांनी तो धुरा आमच्याच हातून पूर्ण खोलून घेतला. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिले, आवाज ऐका. ओढताना घुंई येते, पाय सोडला की बदलते, तर क्राऊन-पिनियन पाहा. फक्त वळणावर कटकट असेल तर आतले छोटे गिअर. डावी-उजवीकडे झुकताना आवाज बदलतो, तर चाकाचे बेअरिंग. गाडी सोडताना 'टक' होते, तर आधी प्रोपेलरचे क्रॉस हलवून पाहा. क्रॉसचे काम असताना पूर्ण डिफरन्शियल खोलणारे आम्ही पाहिले आहेत.

दुसरे, तेल पाहा. नाल्याच्या थंड पाण्यात तापलेला धुरा बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. तेल लस्सीसारखे पांढुरके दिसले तर ते त्याच आठवड्यात बदला. ईपी ९० तेल, साधारण सव्वा ते दीड लिटर, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. जुन्या तेलात लोखंडी चुरा दिसेल, पण दाताचा तुकडा मिळाला तर गाडी हलवू नका.

तिसरे, खोलताना लिहून ठेवा. पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचाने खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला, एकटा कधी नाही. हब पुलरनेच काढा. एक्सलच्या टोकावर हातोडा मारला तर तो धक्का आतून पलीकडच्या बेअरिंगला लागतो.

चौथे, मोजा. क्राऊन आणि पिनियनच्या दातांत थोडी ढील हवी, साधारण इंचाचे पाच ते नऊ हजारांश. बोटाने ती कळत नाही, डायल गेज लागतो. मग दात कुठे टेकतात ते पाहायला शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या दातांना लावायचा, गिअर फिरवायचा आणि ठसा पाहायचा. ठसा दाताच्या मधोमध आला तर ठीक. शेंड्याकडे आला तर पिनियन दूर आहे, बुडाकडे आला तर फार आत आहे. चाचा शेंदूर लावण्याआधी जामसावळीच्या मारुतीचे नाव घेत आणि म्हणत, देवाला लावला तर देव रागावत नाही, पण दात लगेच खरं सांगतो.

पाचवे, नटाचा जोर. हबच्या नटाला किमान १५० फूट-पाउंड हवेत. टॉर्कचा पाना नसेल तर पान्यावर पाइप चढवा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर संत्री तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवा. काटकोनात ओढा. काट्यावर २१ किलो आले की एवढा जोर झाला. मग भोक जुळेपर्यंत पुढेच. आमचा तो काटा आता बागेत कमी आणि जिपेपाशी जास्त असतो.

काय करू नये तेही सांगतो. तुटलेला एक्सल वेल्डिंग करून बसवू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, धुऱ्याखाली घोडी लावा, बाकी चाकांना दगड लावा. आणि पिनियन किती आत बसवायचा हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. सील, तेल, ब्रीदर, चाकाचे बेअरिंग हे घरी जमते. पिनियनला गुरू लागतो.

धुरा पुन्हा जोडला गेला त्या संध्याकाळी आम्ही तिघे आईकडे गेलो. प्लास्टर निघाले होते, पण मनगट पूर्वीसारखे वळत नव्हते, आजही भाकरी थापताना दुखते. आम्ही सांगितले, लोखंड जुनं नव्हतं आई, नट आम्ही मागं घेतला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले माहीत होतं. तुमच्या तोंडावरून कळत होतं." त्यानंतर पुढची पाच-सहा वर्षे ती आमच्या जिपेत बसली नाही. आम्ही आग्रह केला नाही.

गेल्या पोळ्याला ती बसली. चढण्याआधी मागच्या उजव्या चाकापाशी थांबली आणि विचारले, "पिन कशी घातली?" आम्ही म्हणालो, नट पुढं घेऊन. मग चढली.

आज इथे हे सांगण्याचे कारण एवढेच की त्या वेळी आम्ही तुम्हा सगळ्यांना खोटे सांगितले होते, आणि त्यावर विश्वास ठेवून कोणी आपल्या जिपेचा नट तपासायचा राहिला असेल. मंडळींनो, विसर्जन झाले की पहिल्या रविवारी आपापली जुनी जीप, कमांडर, जे असेल ते घेऊन या. काटा, पाइप, डायल गेज आमच्याकडे आहे. चाचांनी शिकवलेले सगळे एका वहीत लिहून ठेवले आहे. पैसे नकोत, चहा चालेल. पिना मात्र नव्या आणा, वाकवलेली पिन पुन्हा वापरत नाहीत.



गणपती बाप्पा मोरया!